उपरोधाची दोन रूपे : ‘कंठहार’ आणि ‘कफन’

‘आयरनी’ या संज्ञेस आपण सामान्यतः ‘उपरोध’ हा प्रतिशब्द योजतो; परंतु तो पुरेसा व्यापक नाही. उपरोधात बोलणाऱ्याचा हेतू गृहीत असतो. आयरनी मात्र कोणी काही न बोलता, केवळ घटनांच्या विपरीत संगतीतूनही संभवते. लघुकथेचा विचार करताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

मोपासांच्या ‘कंठहार’ (१८८४) या कथेत मातिल्द मैत्रिणीकडून उसना आणलेला हिऱ्यांचा हार हरवते. तिला छत्तीस हजार फ्रँकांचा दुसरा हार दिला जातो आणि त्यापायी झालेले कर्ज फेडण्यात पतिपत्नींची दहा वर्षे खर्ची पडतात. मूळ हार खोटा, फार तर पाचशे फ्रँकांचा होता, हे मातिल्दला अखेरीस कळते. वाचकालाही त्याच क्षणी. वस्तुस्थिती दडवून ठेवण्यावर येथील सारी रचना उभी आहे. म्हणून तिचा पहिला आघात जबर असला, तरी तो एकदाच होतो.

प्रेमचंदांच्या ‘कफन’मध्ये (उर्दूत १९३५) दडवलेले काहीच नाही. झोपडीत बुधिया प्रसववेदनांनी तळमळत आहे आणि बाहेर सासरा घीसू व नवरा माधव चोरून आणलेले बटाटे भाजून खात आहेत. आपण आत गेलो तर बाप अधिक बटाटे फस्त करील, या भयाने माधव उठत नाही. ती मेल्यावर कफनासाठी मागून जमवलेले पाच रुपये दोघे दारूत आणि खाण्यात उडवतात. याहून मर्मभेदक आहे तो निवेदकाचा स्वर. रात्रंदिवस राबणाऱ्यांची दशाही फारशी बरी नसेल, तर घीसूच शेतकऱ्यांहून अधिक विचारी म्हणावा, असे तो शांतपणे सांगतो.

या विधानाचा रोख कोणावर? जिवंतपणी चिंधी न देता मृत्यूनंतर नवे वस्त्र मागणाऱ्या रूढीवर, असे अनेकांनी मानले. चर्मकार बापलेकांनाच निर्दय रंगवले आहे, असा आक्षेप हिंदीतील दलित समीक्षकांनी घेतला. निवेदक निर्णय देत नाही, म्हणूनच हा वाद जिवंत राहतो.

अनुवादकाची कसोटी लागते ती येथे. ‘विचारी’ या शब्दापुढे उद्गारचिन्ह घातले, किंवा त्याऐवजी ‘धूर्त’ हा शब्द योजला, की वाचकाचा निर्णय अनुवादकानेच देऊन टाकला असे होते. अर्थ सुगम करण्याचा हा मोह प्रस्तुत लेखकासही अनेकदा झाला आहे. परंतु जेथे मूळ लेखकाने मौन राखले, तेथे अनुवादकाने बोलू नये, हेच इष्ट.