तारीख आणि वेळापत्रक

गेवराईत सकाळी एखाद्याच्या घरी जावे आणि घरधनी भेटू नये, तर ‘तारखेला गेलेत’ एवढे उत्तर पुरते. कशाची तारीख, हे कोणी विचारत नाही. मात्र त्या दिवशी कोर्टात नेमके काय होणार आहे, असे खुद्द पक्षकाराला विचारले तर तो ‘वकीलसाहेबांना ठाऊक’ म्हणून मोकळा होतो. मी वकील नाही, कायद्याची पदवीही माझ्याकडे नाही. जमिनींच्या इतिहासाच्या नादात खासरा पाहणी पत्रके आणि फेरफार वाचता वाचता मी दिवाणी दाव्यांच्या रोजनाम्यांपर्यंत पोचलो. रोजनामा म्हणजे कोणत्या तारखेला दाव्यात काय घडले याची कोर्टाने ठेवलेली नोंद. ती पाने ओळीने वाचली की एक गोष्ट लक्षात येते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहण्याआधीच दाव्याचे निम्मे भवितव्य ठरून गेलेले असते. हा आधीचा टप्पा कसा चालतो, तो वेळापत्रकाने चालावा म्हणून कायद्यात काय आहे, आणि तो तारखेवर सोडला की आपल्या तालुक्यात कोणाचे नुकसान होते, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गोदाकाठच्या गावात वडिलांच्या नावची आठ एकर जमीन आहे. वडील वारले. बहिणीने भावावर वाटणीचा दावा लावला. भावाचे म्हणणे असे की, वाटणी वडिलांच्या हयातीतच तोंडी झाली आणि बहिणीने हिस्सा सोडला.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे बहिणीने वादपत्रासोबतच आपल्या भिस्तीचे कागद जोडायचे असतात. सातबारा, फेरफार, वारसनोंद. समन्स पोचल्यावर भावाने ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची. कारण नोंदवून कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. मग पहिल्या सुनावणीला न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना विचारायचे, समोरच्याचे काय कबूल आणि काय नाकबूल? याच वेळी मध्यस्थी किंवा लोकअदालतीचा मार्गही सुचवला जातो. तडजोड झाली नाही, तर जे एकाने म्हटले आणि दुसऱ्याने नाकारले, तेवढेच वेगळे काढायचे. यालाच ‘मुद्दे काढणे’ म्हणतात.

सामान्य पक्षकाराला ही औपचारिकता वाटते, पण दाव्याचा कणा इथेच घडतो. आपल्या उदाहरणात वडिलांची मालकी दोघांनाही कबूल आहे, म्हणजे त्यावर साक्ष नको. वाद उरला तो एवढाच की, पूर्वी वाटणी झाली होती का? हे भावाचे म्हणणे, म्हणून शाबित करण्याचा भारही भावावर. मुद्दा असा नीट निघाला तर बहिणीला कळते की आपल्याला काय सिद्ध करायचे आहे आणि काय नाही. मुद्दा मोघम निघाला, तर दोन्ही बाजू अर्ध्या गावाला साक्षीला बोलावतात आणि दावा पसरत जातो.

तयारीची आणखीही साधने संहितेत आहेत आणि ती फारशी वापरली जात नाहीत. समोरच्याला नोटीस देऊन ‘हा कागद कबूल करा’ असे म्हणता येते. विनाकारण नाकारले तर तो कागद शाबित करण्याचा खर्च त्याच्यावर पडू शकतो. कोर्टाच्या परवानगीने लेखी प्रश्न पाठवून शपथेवर उत्तरे मागता येतात. समोरच्याच्या ताब्यातले कागद उघड करायला लावता येतात. मूळ कागद मुद्दे निघेपर्यंत दाखल व्हायला हवेत, आणि मुद्दे निघाल्यापासून १५ दिवसांत साक्षीदारांची यादी द्यायला हवी. ही कामे वेळेवर झाली तर साक्षीपुरावा काही दिवसांत उरकतो. राहिली तर दर तारखेला एक नवा अर्ज, त्यावर समोरच्याचे म्हणणे आणि पुढची तारीख.

दिवाणी दाव्यांचा पहिला संहिताबद्ध कायदा इंग्रजांनी १८५९ मध्ये केला. आजची संहिता १९०८ ची. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून ती इथे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाली. पुढे १९९९ आणि २००२ च्या दुरुस्त्या १ जुलै २००२ पासून अमलात आल्या. एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नको, सरतपासणी शपथपत्रावर व्हावी, असे नियम त्यांतून आले. तमिळनाडूतील सेलमच्या वकील संघाने या दुरुस्त्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २५ ऑक्टोबर २००२ च्या निकालात न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. २ ऑगस्ट २००५ च्या पुढच्या निकालात न्यायमूर्ती जगन्नाथ राव समितीचे नमुना नियमही आहेत. दाव्यांचे चार मार्ग पाडावेत, पोटगी किंवा मुलांच्या ताब्यासारखे दावे ९ महिन्यांत, पैशांचे १२ महिन्यांत आणि वाटणीचे २४ महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यांत सुचवले आहे. आपल्या बहिणीचा दावा या हिशेबाने दोन वर्षांचा.

ही कल्पना सर्वांत पक्की रुजली ती अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत. तिथले दिवाणी नियम १९३८ पासून लागू आहेत. त्यांतला १६ वा नियम खटल्यापूर्वीच्या बैठकीचा. १९८३ पासून बहुतेक दाव्यांत न्यायाधीशाने सुरुवातीलाच वेळापत्रकाचा आदेश काढणे बंधनकारक झाले. त्याआधी दोन्ही बाजूंचे वकील एकत्र बसून आराखडा करतात. वादपत्रात बदल कधीपर्यंत, नवे पक्षकार कधीपर्यंत, कागदांची देवघेव कधीपर्यंत, अर्ज कधीपर्यंत, हे सारे एका आदेशात येते. सबळ कारण आणि न्यायाधीशाची संमती असल्याशिवाय ते बदलत नाही. शेवटच्या बैठकीनंतर निघणारा आदेश तर घोर अन्याय टाळण्यापुरताच बदलतो. आपल्याकडे पुढची तारीख कळते. तिथे पुढचा रस्ता कळतो.

असा रस्ता आपल्याकडेही आखला गेला आहे, पण व्यापाऱ्यांसाठी. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने संहितेत आदेश १५-अ घातला. दोन्ही बाजूंनी एकमेकांचे कागद कबूल-नाकबूल केल्याची शपथपत्रे आली की चार आठवड्यांच्या आत व्यवस्थापन सुनावणी, तीत सर्व टप्प्यांच्या तारखा, आणि तिथून सहा महिन्यांत युक्तिवाद पूर्ण. वकील हजर नाही एवढ्याच कारणावर ती सुनावणी पुढे ढकलता येत नाही. २०१८ पासून तीन लाखांच्या वाणिज्यिक वादालाही हा कायदा लागू होतो. आठ एकरांच्या वाटणीला मात्र होत नाही.

कडक मुदतींना दुसरी बाजू आहे, हेही सांगितले पाहिजे. ९० दिवसांची मर्यादा ओलांडली म्हणून प्रत्येक वेळी कैफियत नाकारू नये, प्रक्रिया न्यायासाठी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच म्हटले. तालुक्याच्या कोर्टात बहुधा तेच न्यायाधीश दिवाणी दावेही चालवतात आणि फौजदारी खटलेही. वेळापत्रक केल्याने न्यायाधीशांची संख्या वाढत नाही. पण वेळापत्रक म्हणजे निव्वळ कडकपणा नव्हे. ते माणसाच्या सोयीनेही आखता येते, आणि गेवराईच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हेच.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघत असतील. मुकादमाची उचल घेतलेली असते; कोयता घेऊन नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. आपल्या उदाहरणातली बहीण अशाच एका कोयत्यावर आहे असे समजा. तिच्या साक्षीची तारीख जानेवारीत पडली. ती फडात आहे. वकील हजर असले तरी साक्ष द्यायला वादीच नाही, म्हणून एक-दोन तारखांनी ‘पुरावा बंद’चा आदेश होतो. कोणीच हजर नसेल आणि प्रतिवादी उभा असेल, तर दावा गैरहजेरीत खारीज. तो पुन्हा उभा करण्याच्या अर्जाची मुदत ३० दिवस. ती एप्रिलमध्ये गावी येते तेव्हा मुदत उलटलेली. आता आधी विलंब माफीचा अर्ज, मग मूळ अर्ज, मग दावा. जमिनीवर हक्क आहे की नाही, हा प्रश्न कोणी ऐकलेलाच नसतो.

यावर उपाय संहितेतच आहे. आदेश १८, नियम १६ सांगतो की साक्षीदार कोर्टाच्या हद्दीबाहेर जाणार असेल, तर दावा दाखल झाल्यानंतर केव्हाही, पक्षकाराच्या किंवा खुद्द साक्षीदाराच्या अर्जावरून, कोर्ट त्याची साक्ष लगेच नोंदवू शकते. आदेश २६ प्रमाणे हद्दीबाहेर राहणाऱ्याची किंवा बाहेर जाणाऱ्याची साक्ष कमिशन नेमूनही घेता येते. ऊसतोड कामगाराला हे नियम नेमके लागू पडतात. मात्र त्यासाठी मुद्दे पावसाळ्यातच निघालेले हवेत, कागद दाखल झालेले हवेत, आणि अर्ज दसऱ्याच्या आत पडायला हवा. म्हणजे वेळापत्रक हवे. उसाचा हंगाम साखर कारखान्याला कळतो, मुकादमाला कळतो. मुद्दे काढताना वकिलांनी सांगितला तर तो कोर्टालाही कळेल.

पक्षकाराने यासाठी कायदा पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक तारखेनंतर वकिलांना तीन गोष्टी विचाराव्यात: आज काय झाले, पुढच्या तारखेला काय व्हायचे आहे, आणि त्याआधी माझ्याकडून काय हवे? पुढची तारीख ई-कोर्टच्या ॲपवर दिसते, दावा कोणत्या टप्प्यावर आहे तेही दिसते. घरातल्या शिकणाऱ्या मुलाने ते पाहून फडावर फोन केला, तरी एखादा दावा वाचेल.