ट्रॅक्टरचा गिअर आणि धानाची बांधी

आषाढ लागला कीं तुमसरापासून पवनीपर्यंत धानाच्या बांध्यांत ट्रॅक्टर चिखलणी करूं लागतात. मोटार हांकणारा शहरी पाहुणा त्यावर बसला, तर चालतां चालतां गिअर बदलावयास जातो. क्लच दाबतांच यंत्र जागच्या जागीं थांबतें. कां? धांवत्या मोटारीला तिचा वेगच क्षणभर पुढें नेतो; येथें चिखल तो वेग तत्क्षणीं गिळतो. म्हणून बांधींत उतरण्यापूर्वींच गिअर ठरवावा लागतो.

जुन्या रचनेंत दंतचक्रेंच सरकून एकमेकांत अडकत. फिरतीं असतां कर्कश खडखड होऊन दांत झिजत. पुढें चक्रें नित्य गुंतलेलीं ठेवून केवळ जोडकडें सरकविण्याची युक्ति निघाली. १९२८ सालीं कॅडिलॅक मोटारींत प्रथम आलेल्या सिंक्रोमेशमध्यें निमुळतें कडें घर्षणानें दोन्ही वेग आधीं सारखे करतें, मग दांत जुळतात. चालत्या वाहनांत गिअर बदलणें यानेंच सुलभ झालें.

पण पोत्यांनीं भरलेली ट्रॉली कालव्याच्या पुलावरून उतरत असेल, तर तेंहि करूं नये! दोन गिअरांच्या मधल्या क्षणीं इंजिनाचा आवर सुटतो आणि मागचा भार ट्रॅक्टरास ढकलीत नेतो. खालचा गिअर उतारापूर्वींच घालावा. आणि बांधींत वळतांना एकेक दाबावयाचे दोन्ही ब्रेक रस्त्यावर येतांच एकत्र जोडावे.