ढोलीचं झाड कुठून आणायचं?

महाधनेश दिसायच्या आधी ऐकू येतो. त्याच्या पंखांतल्या मोठ्या पिसांच्या मुळाशी, खालच्या बाजूनं, इतर पक्ष्यांसारखं बारीक पिसांचं अस्तर नसतं. फटींतून हवा घुसते आणि दर फडफडीला असा घोंघाट होतो की सिंधुदुर्गातल्या तिलारीच्या रानात पानाआड काही दिसत नसतानाही मान वर जातेच.

जवळजवळ ३ किलोचा हा पक्षी घरासाठी मात्र पूर्णपणे परावलंबी आहे. एवढी दांडगी चोच असूनही त्याला खोड कोरता येत नाही. फांदी मोडली, गाभा कुजला, म्हातारपणानं खोड पोकळ झालं, तरच त्याला घर मिळतं. बेहडा, सातवीण, जुना रायवळ आंबा अशा झाडांना तशी ढोली पडायला कित्येक दशकं जातात.

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर, लाकडाचा भुसा यांनी तोंड आतून लिंपून घेते. उरते ती जेमतेम चोच मावेल एवढी उभी फट. आत तिची उडण्याची पिसं झडतात. पुढचे तीन-चार महिने तिचं आणि पिल्लाचं पोट नरावर. तो गळ्यात साठवलेली फळं एकेक करून वर काढतो, चोचीच्या टोकात धरतो आणि अलगद फटीतून आत देतो. या काळात नर मेला, तर बहुतेक वेळा घरटंच संपतं.

ढोलीखाली वाकून पाहावं. उंबराच्या जातीची फळं, रानजायफळ यांच्या बिया, कोवळी रोपं तिथं दाटलेली असतात. त्यावरून नरानं घरट्यात काय काय आणलं, हे अभ्यासक ओळखतात. बाकीच्या बिया तो रानभर पेरत जातो. मोठ्या बियांची फळं अख्खी गिळून दूर नेणारे पक्षी फार थोडे आहेत.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं आहे. तिथं काजू आणि रबराची लागवड पसरते आहे. लांबून डोंगर हिरवाच दिसतो, पण त्यात ढोली नसते. पोकळ झाडाला लाकूड म्हणून भाव नाही. सरपण म्हणून ते आधी जातं.

अरुणाचलात पक्के अभयारण्याच्या आसपास न्यिशी जमातीचे गावकरी धनेशाच्या घरट्यांवर पाळत ठेवतात, त्याचं त्यांना मानधन मिळतं. कोकणात तर ढोलीचं झाड बऱ्याचदा कुणाच्या तरी सातबाऱ्यावरच असतं. ते उभं ठेवल्याबद्दल मालकाला दरवर्षी रोख मोबदला मिळायला हवा, आणि तोही सरपणाच्या भावाहून जास्त.