टकटक थांबवण्याची किंमत

खोपोली मागे टाकून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाटाला लागले, की गाडीची खरी परीक्षा सुरू होते. आमच्या लहानपणी ही परीक्षा फियाटची असे. आई पाण्याची बाटली जवळ घेऊन बसे आणि मागच्या सीटवर आम्ही भावंडे कान देऊन ऐकत असू. चढण वाढली, की बॉनेटखालून डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येऊ लागे. ‘नॉक करतेय,’ एवढेच म्हणून वडील खालचा गिअर टाकत आणि टकटक थांबे. पुढे शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे वाहिले जाई. या घाटातली वाट साहेबाला एका धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याला जीव गमवावा लागला, अशी आख्यायिका आहे. ड्रायव्हर मंडळी अजूनही त्याच्यापुढे नाणे टाकून पुढे जातात.

परवा हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे माझा भाचा. एका रविवारी तो पुण्याला जाता जाता खोपोलीत आमच्याकडे उतरला. गाडी लहानच, पण टर्बोची. शिवाय एका गॅरेजमध्ये तिच्या संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवून घेतलेली. डिकीत एक कॅन होता. ‘रेस फ्युएल आहे मामा. मित्राकडून आणलंय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये थोडं मिसळलं की ऑक्टेन वाढतं, गाडी घाटात उडते.’

गाडी उडते का, हे पाहण्याआधी ऑक्टेन म्हणजे काय ते पाहायला हवे. घाटातली रेल्वे सगळ्यांच्या परिचयाची आहे. कर्जतला आगगाडीला मागून बँकर इंजिने लागतात, गाडी वर ढकलतात आणि घाट संपला की सुटतात. ऑक्टेन म्हणजे असेच एखादे बँकर, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ऑक्टेन गाडीला ढकलत नाही. ते पेट्रोलच्या सहनशक्तीचे माप आहे.

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते, मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. पण दाब आणि उष्णता फार झाली, तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपसूक पेट घेते. त्या धक्क्याचा आवाज म्हणजे टकटक. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, भरल्या गाडीने चढण घेताना इंजिनावर सर्वात जास्त भार येतो, म्हणून घाटातच ती ऐकू येते. ती फार काळ चालली तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

किती दाब सोसला म्हणजे किती गुण, हे ठरवायला शास्त्रज्ञांनी दोन द्रव घेतले. चटकन पेटणाऱ्या हेप्टेनला शून्य दिले, सोशिक आयसोऑक्टेनला शंभर. आपले पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखे वागते, तो त्याचा ऑक्टेन आकडा. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला सोशिक पेट्रोल हवे. ज्याला ते नको, त्याला पाजले तर पैसे जातात आणि पदरात काही पडत नाही.

आता भाच्याचा हिशेब. टाकीत ९५ ऑक्टेनचे २७ लिटर पेट्रोल आहे आणि कॅनमधले ३ लिटर इंधन ११० ऑक्टेनचे आहे, असे धरू. सत्तावीस गुणिले ९५, अधिक तीन गुणिले ११०, भागिले तीस. उत्तर येते साडेशहाण्णव. एवढी यातायात करून वाढला तो दीड आकडा! आणि हेही ढोबळच. कारण काही घटक मिश्रणात अशा त्रैराशिकाने वागत नाहीत.

आकड्यांचा आणखी एक घोळ आहे. परदेशी नातेवाईक सांगतात, ‘आमच्या पंपावर ८७चं साधं पेट्रोल असतं, ९३चं महाग.’ ते ऐकून आपले ९१ त्यांच्या साध्यापेक्षा सरस वाटते. पण अमेरिकेत दोन निरनिराळ्या चाचण्यांची सरासरी पंपावर लिहितात. आपण त्यातल्या एकाच, जास्त आकडा देणाऱ्या चाचणीचा आकडा लिहितो. तिकडचे ८७ म्हणजे इकडचे साधारण ९१-९२. तिकडची कृती इकडे उतरवून मिसळायला बसले, तर पहिल्याच पायरीला पाय घसरतो.

मी कॅन उचलून चष्म्यातून त्यावरची बारीक अक्षरे वाचली. त्यात शिसे होते.

ही शिशाची गोष्ट जुनी आहे. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत डेटन येथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना टकटकीवर औषध सापडले. टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग लिटरला एक ग्रॅमहूनही कमी घातले, तरी इंजिन गप्प होई. अल्कोहोल मिसळूनही टकटक थांबते, हे त्यांना ठाऊक होते. पण अल्कोहोल भरपूर घालावे लागे आणि शिसे चिमूटभर पुरे. फेब्रुवारी १९२३ मध्ये विक्री सुरू झाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर तेच रसायन हातांवर ओतून घेतले आणि मिनिटभर हुंगून दाखवले. त्याच्या आदल्या वर्षी शिशाच्या बाधेमुळे आपल्याला विश्रांतीसाठी जावे लागले होते, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या गाड्या हे शिसे धुरातून ओकत राहिल्या. आमची फियाटही त्यातलीच. शिसे मुलांच्या मेंदूवर घाला घालते. त्याची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बेंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने १९९९ मध्ये आपल्या मोठ्या शहरांतील मुलांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष मांडले. निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात त्या वेळच्या धोक्याच्या मर्यादेपेक्षा जास्त शिसे निघाले. रंग, भांडी ही कारणे होतीच. पण गाड्यांच्या धुराचा वाटा मोठा होता. चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून शिसेरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर सक्तीचे झाले. जगातला शेवटचा देश होता अल्जीरिया. तिथले पंप २०२१ मध्ये शिसेमुक्त झाले. विमानांच्या आणि शर्यतींच्या काही इंधनांत मात्र ते अजूनही राहिले आहे.

‘मामा, तीन लिटरनं काय होणार?’ भाच्याने विचारले. मी म्हटले, ‘धुराचं राहू दे, तुझ्याच गाडीचं बघ.’ शिसे गाडीच्या धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर पुटासारखे बसते आणि त्याला निकामी करते. ऑक्सिजन सेन्सरही बिघडवते. शिवाय बंद डिकीत पेट्रोलजन्य इंधनाचा कॅन घेऊन घाट चढणे हा आगीशी खेळ, तो वेगळाच.

मिसळणे नेहमी हौसेनेच होते असेही नाही. पेट्रोलमध्ये रॉकेल घालणारे ऑक्टेन खाली खेचतात; ज्याच्या गाडीत ते जाते, त्याला चढणीला टकटक ऐकू येते. या धंद्यात किती पैसा आहे, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मनमाडजवळ इंधनाची भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पंपावर फिल्टर पेपर मागून पेट्रोलचा थेंब टाकून पाहण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. त्यात संकोच कसला?

गंमत अशी, की मिजली यांनी बाजूला ठेवलेले अल्कोहोल शंभर वर्षांनी आपल्या टाकीत आले आहे. उसाच्या मळीपासून, रसापासून आणि धान्यापासून केलेल्या इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये देशात वीस टक्क्यांवर गेले. शुद्ध इथेनॉलचे ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने, पूर्वी ९१ असलेले साधे पेट्रोल आता ९५ झाले, असे पेट्रोलियम मंत्रालय सांगते. तेही फुकट नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता असते, त्यामुळे गाडी थोडी कमी अंतर काढते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांची चिंता आहे. आणि उसाला पाणी लागते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. ज्यांना खरोखर जास्त ऑक्टेन हवे, त्यांच्यासाठी डिसेंबर २०२० पासून इंडियन ऑइलचे शंभर ऑक्टेनचे, शिसे नसलेले पेट्रोल मुंबई-पुण्याच्या निवडक पंपांवर आहे. महाग आहे, पण कॅन नको आणि त्रैराशिकही नको.

शेवटी आम्ही पुस्तिका काढली. कंपनीने त्या गाडीला साधे पेट्रोल पुरेल असे लिहिले होते. टकटकीची चाहूल घेणारा सेन्सर नव्या गाडीत असतो आणि तो ठिणगी जराशी उशिरा पाडून इंजिन सांभाळतो. जास्तीचे ऑक्टेन हवे होते ते गॅरेजमध्ये बदललेल्या मांडणीला. ‘मूळची करून घेतो,’ भाचा जरा नाराजीनेच म्हणाला. कॅन ज्याचा त्याला परत करायचे ठरले. मित्र तो घेऊन जाईपर्यंत आम्ही तो अंगणात, घरापासून लांब, सावलीत ठेवला.

संध्याकाळी मीही त्याच्याबरोबर लोणावळ्यापर्यंत गेलो. जुनाच रस्ता घेतला. चढणीला गाडी जराशी जड झाल्यासारखी वाटली, तेव्हा मी सवयीने म्हणालो, ‘खालचा गिअर टाक.’ त्याने टाकला. मग देवळापाशी गाडी उभी करून त्याने खिसे चाचपले. नाणे नव्हते. हल्ली मुलांकडे नाणी नसतातच; मी माझ्याकडचे दिले.