आधी तरंगणे, मग पोहणे

मुलाला पोहता येते म्हणजे तो हातपाय मारत तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला जातो, असा बहुतेक पालकांचा समज असतो. पाण्यात जीव वाचवणारे कौशल्य मात्र त्याच्या आधीचे आहे. अवचित पाण्यात पडल्यावर श्वास सांभाळणे, उताणे होऊन तरंगणे, वळून काठ गाठणे आणि काठावर चढणे, एवढे ज्याला जमते त्याला निम्मे पोहणे आले. हे न शिकता नुसती वेगात पोहणारी मुले कमी नाहीत.

माणसाच्या शरीराची घनता जवळपास पाण्याइतकीच असते. छातीत हवा भरलेली असेल तर बहुतेकांचे शरीर गोड्या पाण्यातही जेमतेम तरंगते. पण शरीराचा जितका भाग पाण्याबाहेर काढावा, तितका उरलेला भाग खाली जातो. घाबरलेले मूल नेमके तेच करते. ते हात वर करते, मान ताणते, आणि तोंड पाण्याखाली जाते. बुडणारा माणूस ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडतो हे सिनेमातले दृश्य आहे. प्रत्यक्षात श्वास घ्यायलाच सवड नसल्याने आवाज फुटत नाही, आणि काठावर गप्पा मारणाऱ्या मोठ्यांना पत्ताही लागत नाही. लहान मूल मिनिटाभराच्या आत दिसेनासे होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतली जवळपास पाव संख्या पाच वर्षांखालील मुलांची होती.

म्हणून चांगला प्रशिक्षक पहिले काही दिवस पोहायला शिकवतच नाही. तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे, बाहेर काढून श्वास घ्यायचा, एवढेच चालते. नाकातोंडात पाणी गेले तरी काही बिघडत नाही, हे मुलाला तिथे कळते. मग काठ धरून पाय मारणे आणि त्यानंतर उताणे तरंगणे. यात मुले हटकून अडतात, कारण कान पाण्यात गेले की आवाज बदलतात आणि मूल दचकून मान वर उचलते. मान उचलली की कंबर बुडते. प्रशिक्षकाचा तळहात पाठीखाली असतो. तो हळूहळू नुसता टेकलेला राहतो आणि एक दिवस काढून घेतला जातो. हवेने फुगवलेले दंडपट्टे इथे उपयोगाचे नाहीत, उलट घातकच. ते मुलाला पाण्यात उभे धरतात आणि ‘मला येते’ हा खोटा भरवसा देतात.

खेड्यापाड्यांत हे सगळे विहिरीत व्हायचे. पाठीला वाळलेला भोपळा, तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ठोकळा दोरीने बांधायचा आणि काका-मामांच्या देखरेखीखाली पाण्यात उतरायचे. सराव वाढेल तसा आधार कमी होत जायचा. ही पद्धत शास्त्रशुद्धच म्हणावी लागेल. पण त्याच विहिरीवर भित्र्या पोराला मागून ढकलून देण्याचीही रीत होती. त्यातून काही जण पोहायला शिकले, तर काहींनी पाण्याची कायमची धास्ती घेतली. शिवाय विहिरीवर जायचे ते मुलगेच. कित्येक घरांत मुलींना कोणी पाण्यात उतरूच दिले नाही. पाणी भरायला आणि धुणे धुवायला पाण्याकाठी मुलीच जास्त जात असूनही.

पोहण्याने येणारा आत्मविश्वास कौतुकाच्या शब्दांतून येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडले होते की, ‘मला जमेल’ ही भावना सर्वांत पक्की होते ती स्वतः करून पाहिलेल्या कामातून. पाण्यात याचा निकाल लगेच लागतो. काल बुडत होतो, आज तरंगलो, हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. वर्गात मागे राहणारे किंवा मैदानी खेळात हाती काही न लागणारे मूल इथे खुलते, कारण इथे तुलना कालच्या स्वतःशीच असते. मात्र शर्यतींची घाई झाली की हा फायदा ओसरतो.

शिकवण्याला महागडा तलाव लागतो असेही नाही. बांगलादेशात ‘स्विमसेफ’ उपक्रमात गावच्या तळ्यातच बांबूचे मचाण बांधून ४ ते १२ वर्षांच्या मुलांना गावातलेच प्रशिक्षित लोक शिकवतात. २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे आणि काठावरून दुसऱ्याला मदत करणे एवढी तिथली परीक्षा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिकलेल्या मुलांमध्ये बुडून होणारे मृत्यू नव्वद टक्क्यांहून अधिक कमी आढळले. नेदरलँड्समध्ये तर पहिल्या प्रमाणपत्रासाठी मुलांना कपडे आणि बूट घालून पोहून दाखवावे लागते. पाण्यात पडणारे मूल पोहण्याच्या पोशाखात नसतेच.

आपल्याकडे शेततळ्यांचा धोका निराळाच. तळाशी आणि उतारावर अंथरलेले प्लास्टिक ओले झाले, त्यावर शेवाळ धरले की पाय टिकत नाही. पोहता येणारा धडधाकट माणूसही काठापर्यंत येतो, वर चढायला जातो, घसरतो, पुन्हा चढतो आणि दमून बुडतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच अडकतो. इथे पोहणे अपुरे पडते. तळ्याभोवती कुंपण, चारही बाजूंनी पाण्यात सोडलेले गाठींचे दोर आणि तरंगती ट्यूब हवीच. कोकणच्या किनाऱ्यावरची ओढ आणि धरणाखालचे भोवरेही तलावातल्या सरावाला जुमानत नाहीत. समुद्राने आत ओढले तर समोर किनाऱ्याकडे झगडत न राहता किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर यावे, मग परतावे. कुठे उतरायचे नाही हे ज्याला कळते त्याचाच आत्मविश्वास कामाचा.

पोहता येणाऱ्या मुलावरही नजर ठेवावी लागतेच, आणि पाच वर्षांखालील मूल पाण्याजवळ असेल तर मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहावे. मुलांना आणखी एक गोष्ट शिकवावी. मित्र बुडत असेल तर मागोमाग उडी टाकायची नाही. काठावरून काठी, ओढणी किंवा दोर द्यायचा, रिकामा कॅन फेकायचा, मोठ्यांना हाक मारायची. पाण्यातून काढलेल्याला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये. श्वास थांबला असेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि १०८ला फोन करायला दुसऱ्याला सांगावे. मुलाला पोहायला पाठवणाऱ्या आईवडिलांनी एवढे स्वतः शिकून घ्यावे.