मोटारीची हिवाळी पूर्वतयारी

जालना रस्त्यावरील ज्या शेंद्रा वसाहतीत २००१ पासून स्कोडा मोटारींची जुळणी होत आली आहे, तेथे बर्फाची धास्ती नाही. परंतु जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरला असता, पहिल्या पाळीस निघणाऱ्याने टायरांतील हवा, चाके थंड असतानाच, अगत्याने तपासावी, कारण उष्णतामान साडेपाच-सहा अंशांनी घटले की दाब सुमारे एक पीएसआयने उतरतो. खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असणे कायद्यासच नामंजूर आहे. काचेवर आतून धरलेले बाष्प वातानुकूलन यंत्राने त्वरित जाते. धुक्यात मंद झोतच इष्ट. मात्र उसाच्या ज्या ट्रॉलीला मागे दिवा नाही, तिच्यापुढे ही सारी सिद्धता लंगडी पडते, आणि तो बंदोबस्त मोटारवाल्याच्या अखत्यारीतला नव्हे.