विश्लेषण : परदेशातील कॉलेज ‘मान्यताप्राप्त’ आहे, पण नेमके कशासाठी?

ऑफर लेटर आले, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘कॉलेज मान्यताप्राप्त आहे ना?’ समोर बसलेला एजंट ‘हो’ म्हणतो आणि बहुतेक वेळा तो खोटे बोलत नसतो. अडचण इथेच आहे. कॅनडातील छोट्या खासगी कॉलेजांच्या बाबतीत ‘मान्यता’ या एका शब्दामागे किमान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. त्यातल्या दोन असल्या आणि दोन नसल्या, तरी ‘हो’ हे उत्तर खरेच ठरते. नसलेल्या दोन कोणत्या, हे मात्र अनेकांना फी भरल्यावर कळते.

मॉन्ट्रियलमध्ये काय घडले होते?

जानेवारी २०२२ मध्ये क्युबेक प्रांतातील एम कॉलेज, सीडीई कॉलेज आणि सीसीएसक्यू या तीन खासगी कॉलेजांनी देणी भागवता येत नसल्याचे सांगत न्यायालयाकडे कर्जदात्यांपासून संरक्षण मागितले. तिन्ही एकाच समूहाची. तिथे भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. काही कॅनडात पोहोचले होते, तर काही करोनामुळे व्हिसाची वाट पाहत भारतातूनच ऑनलाइन शिकत होते. आधी नेहमीपेक्षा लांब हिवाळी सुटी जाहीर झाली, नंतर वर्ग बंद झाल्याचे कळले. अनेकांनी पुढच्या सत्राची फीसुद्धा भरली होती.

फेब्रुवारीत ओटावातील भारतीय उच्चायुक्तालयाने सूचनापत्र काढले. फी परत मिळण्यात अडचण आल्यास क्युबेकच्या उच्च शिक्षण मंत्रालयाकडे तक्रार करावी, असे त्यात होते. पुढे येऊ इच्छिणाऱ्यांना दिलेला सल्ला अधिक महत्त्वाचा होता. संस्थेची पत आणि मान्यता तपासल्याशिवाय पैसे भरू नका, आणि पैसे भरले की व्हिसा मिळेल असे सांगणाऱ्यांना तर मुळीच देऊ नका.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की ही कॉलेजे बनावट नव्हती. त्यांच्याकडे प्रांताचा परवाना होता आणि परदेशी विद्यार्थी घेण्याची मुभाही होती. म्हणजे ‘मान्यताप्राप्त आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर होते.

आपला ‘मान्यते’चा अर्थ तिथे का चालत नाही?

आपल्याकडे कॉलेज एखाद्या विद्यापीठाशी संलग्न असते. परीक्षा विद्यापीठ घेते, गुणपत्रिकेवर विद्यापीठाचे नाव असते. उद्या कॉलेज बंद पडले, तर विद्यापीठ विद्यार्थ्यांना दुसऱ्या कॉलेजात सामावून घेते. स्वायत्त कॉलेजांतही अखेर पदवी विद्यापीठाचीच. कॉलेजमागे कुणीतरी मोठे उभे आहे, हे आपण गृहीत धरतो.

कॅनडात शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे आणि ‘कॉलेज’ म्हणजे बहुधा डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट देणारी स्वतंत्र संस्था. सरकारी कॉलेजांमागे प्रांताचा पैसा असतो. छोटे खासगी कॉलेज म्हणजे अनेकदा एखादी कंपनी, ऑफिस इमारतीतले दोन मजले आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारा रोजचा खर्च. प्रवेश कमी झाले, की थेट पगारावर गदा येते.

त्या चार मान्यता कोणत्या?

पहिली म्हणजे प्रांताचा परवाना. ऑन्टारिओत खासगी ‘करिअर कॉलेज’ची नोंदणी होते, इतर प्रांतांत वेगळी व्यवस्था आहे. हा वर्ग भरवण्याचा परवाना. दुसरी ‘डेझिग्नेटेड लर्निंग इन्स्टिट्यूशन’, म्हणजे डीएलआय. हा क्रमांक असला, तर कॉलेज परदेशी विद्यार्थी घेऊ शकते आणि त्याच्या पत्रावर स्टडी परमिटचा अर्ज करता येतो. एजंटच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असतो तो हाच क्रमांक.

घोळ होतो तो तिसरीत. शिक्षणानंतर कॅनडात काम करण्याचा परवाना, म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट (पीजीडब्ल्यूपी), डीएलआय असलेल्या प्रत्येक कॉलेजच्या विद्यार्थ्याला मिळत नाही. खासगी कॉलेजांतील बहुतेक डिप्लोमा आणि सर्टिफिकेट त्यात बसत नाहीत. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर डीएलआयची यादी आहे. त्यात पीजीडब्ल्यूपीला पात्र अभ्यासक्रम आहेत का, याचा वेगळा रकाना आहे. मोबाइलवर यादी उघडली तर तो उजवीकडे सरकवावा लागतो, आणि बरेच जण कॉलेजचे नाव दिसले की तिथेच थांबतात.

गेल्या काही वर्षांत हा दरवाजा टप्प्याटप्प्याने अरुंद झाला. क्युबेकमधील सरकारी अनुदान नसलेल्या खासगी अभ्यासक्रमांना १ सप्टेंबर २०२३ पासून पीजीडब्ल्यूपी बंद झाले. त्यानंतर ऑन्टारिओतील एका सोयीस्कर वाटेवर कुऱ्हाड आली. तिथे सरकारी कॉलेज आपला अभ्यासक्रम खासगी कॉलेजला चालवायला देत असे. वर्ग टोरंटो परिसरातील खासगी कॅम्पसमध्ये, प्रमाणपत्रावर नाव शेकडो किलोमीटर दूरच्या सरकारी कॉलेजचे. १५ मे २०२४ पासून अशा अभ्यासक्रमात दाखल झालेल्यांना पीजीडब्ल्यूपी मिळत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून तर स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा विषयही ठरावीक यादीत असावा लागतो. आरोग्य, कुशल कारागिरी, तंत्रज्ञान असे विषय त्या यादीत आहेत. छोट्या खासगी कॉलेजांचे आवडते ‘बिझनेस मॅनेजमेंट’ मात्र नाही. पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडीला ही विषयाची अट नाही.

चौथी मान्यता परत आल्यावर आठवते. परदेशी शिक्षणाच्या समकक्षतेसाठी यूजीसीने २०२५ मध्ये नवे नियम केले. फ्रँचायझी पद्धतीने घेतलेली पात्रता त्यात ग्राह्य नाही. शिवाय कॅनडातील एक वर्षाचे ‘पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट’ म्हणजे आपले एमई किंवा एमबीए नव्हे. नावातल्या ‘पोस्ट ग्रॅज्युएट’मुळे घरच्यांचाच नव्हे, खुद्द विद्यार्थ्याचाही गैरसमज होतो.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या सेमिनार हॉलमध्येही परदेशी शिक्षणाचा असा एक कार्यक्रम झाला होता. थंडी, भारतीय किराणा, पार्ट टाइम नोकरी यावर तासभर बोलणे झाले. पदवी देणार कोण, हे कुणीच विचारले नाही. मीही नाही.

‘आधी पोहोच, मग कॉलेज बदल’ हे जमते का?

एजंटांचा हा जुना सल्ला. पूर्वी त्यात तथ्य होते, कारण दुसऱ्या डीएलआयमध्ये प्रवेश घेऊन ऑनलाइन कळवले की काम होत असे. ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलायचे तर नवे स्टडी परमिट लागते. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क आणि नकाराची टांगती तलवार. पहिलेच कॉलेज चुकले, तर ती चूक आता पूर्वीपेक्षा बरीच महाग पडते.

छोटे कॉलेज म्हणजे वाईटच का?

नाही. ब्रिटिश कोलंबियातील स्क्वामिश येथे २००७ मध्ये सुरू झालेले क्वेस्ट युनिव्हर्सिटी हे छोटे, खासगी आणि ना-नफा विद्यापीठ होते. एका वेळी एकच विषय, तोही साडेतीन आठवडे सलग, आणि वर्गात जास्तीत जास्त २० जण. शिकवण्याबद्दल त्याचे नाव चांगले होते. तरीही आर्थिक ओढाताण संपली नाही आणि एप्रिल २०२३ नंतर तिथले नियमित वर्ग थांबले. शिक्षण चांगले असणे आणि संस्था तुमची चार वर्षे पूर्ण होईपर्यंत टिकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच संस्था बंद पडली तर फीचे काय, हे आधीच विचारावे लागते. काही प्रांतांत त्यासाठी निधी आहेत. ऑन्टारिओत करिअर कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी, तर ब्रिटिश कोलंबियात खासगी प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठी. तुमचा अभ्यासक्रम त्यांत मोडतो का, ते मात्र अभ्यासक्रमाच्या नावानिशी पाहावे.

घरचे किती पणाला लागते?

फी वेगळी. त्याशिवाय राहण्या-जेवणासाठी एका विद्यार्थ्याला पूर्वी १० हजार कॅनेडियन डॉलर दाखवावे लागत. जानेवारी २०२४ मध्ये ही रक्कम २०,६३५ झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५, म्हणजे साधारण १४-१५ लाख रुपये. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेले, की सरकारी बँका सहसा तारण मागतात. शेतजमीन बहुधा चालत नाही, म्हणून राहते घर किंवा वडिलांची मुदत ठेव पुढे येते. सत्र सुरू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते. त्यातून हप्ते फेडण्याचे गणित जुळत नाही. ते पीजीडब्ल्यूपीवरच्या पूर्णवेळ नोकरीवर उभे असते आणि तिसरी मान्यता नसेल तर तिथेच कोसळते.

या साखळीत एजंटचा सल्ला मोफत असतो, कारण त्याचे कमिशन कॉलेज देते. सर्वच एजंट फसवतात असे नाही. पण ज्याला कॉलेजकडून पैसे मिळतात, तो त्या कॉलेजची उणीव आपणहून सांगेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

फी भरण्याआधी काय करावे?

डीएलआयच्या यादीत कॉलेजच्या नावाबरोबर शहर आणि कॅम्पसही जुळवून पाहा. कॉलेजला ईमेल करून अभ्यासक्रमाचा सहा अंकी सीआयपी कोड मागवा आणि तो इमिग्रेशन खात्याच्या विषययादीत स्वतः शोधा. ही यादी बदलत असते, त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या मित्राचा अनुभव पुरेसा नाही. इमिग्रेशनच्या सल्ल्याचे पैसे घेणारा सल्लागार परवानाधारक आहे का, हे कॅनडाच्या सल्लागार नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत दिसते. डिसेंबर २०२३ पासून कॅनडा सरकार प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेते. त्यामुळे बनावट पत्राचा धोका कमी झाला आहे. खऱ्या पत्रावरचा चुकीचा अभ्यासक्रम मात्र ही पडताळणी पकडत नाही.

पैसे कॉलेजच्याच खात्यात जावेत, एजंटच्या नव्हे. व्हिसा नाकारला तर किती रक्कम कापून, किती दिवसांत परत मिळणार, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर एजंटच्या व्हॉट्सॲपवरून नको, कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून लेखी हवे.